कारवी आणि शेकरू: भीमाशंकरला जाऊन तुलना कशी करायची

शाळेचा प्रोजेक्ट असो की स्वतःची हौस, ही जोडी एकदा शेजारी ठेवून बघाच. एक झुडूप आणि एक खार, त्यात तुलना कसली असं वाटेल, पण जंगल एकच आणि जगायची रीत एकदम उलटी, म्हणून तर मजा आहे.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ पासून आहे, तेही मुख्यतः शेकरूसाठीच. देवळाची गर्दी सोडून गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागा, आणि सकाळी लवकर, कारण दुपारी शेकरू फांदीवर पालथं पडून आराम करतं. आधी शेकरू शोधू नका, घरटी शोधा. जिथे शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गेल्यात तिथे वर काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसतो. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे पाच घरटी म्हणजे पाच शेकरं असं अजिबात लिहू नका, ही चूक सगळेच करतात. दिसलंच तर खाताना बघा: मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकतं, फळ पुढच्या दोन पंजांत, आणि ती लांबलचक झुपकेदार शेपटी तोलाला. हलू नका, बोलू नका, खायला तर काहीच टाकू नका.

कारवीसाठी मात्र नजर खाली, उतारावर. खरखरीत पानं, गाठीगाठीची काठी. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे फुलं नसली तरी काम होतं, फक्त गावात ज्यांच्या घराचा कूड (काठ्यांची लिंपलेली भिंत) कारवीचा आहे अशा आजींना विचारा की शेवटची कधी फुलली होती. मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २००८, २०१६, २०२४ अशी फुलली, पण तुमच्या डोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं, ते तिथल्याच माणसांकडून घ्या.

आता वहीत रंग-उंचीचे रकाने करू नका, त्यातून काही कळत नाही. "जपून ठेवलेलं कुठे खर्च करतात" असा एकच रकाना करा. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी अख्खा उतार एकदम जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड, मग बी धरून झाड वाळून जातं. बी इतकं पडतं की खाणारे खाऊन खाऊन किती खातील. शेकरूचं उलटं, पिल्लू एखाद-दुसरंच, पण घरटी अनेक, एक मोडलं तर दुसरं तयार.

शेकरूची नोंद तासाची ठेवा, कारवीची वर्षाची: दर पावसाळ्यात त्याच दगडावर उभं राहून त्याच उताराचा एक फोटो.