कचरा वेगळा करा: सेक्रेटरीने आधी समजवावं की दंड लावावा?

घोडबंदर रोड असो की नेरूळ, सोसायटीच्या नव्या कमिटीचा पहिला मोह एकच: लिफ्टमध्ये दंडाची नोटीस. ती आधी लावू नका. नोटीस लागली की लोक नियमावर नाही, कमिटीवर चिडतात आणि पिशवी गुपचूप जिन्यात ठेवतात.

एकाच विंगपासून सुरुवात करा. कचऱ्याचा डबा बहुतेक घरांत कामाच्या मावशीच भरतात, त्यामुळे सगळ्यात आधी त्यांच्याशी बोला. सर्क्युलर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी नको, तळाला वर्तमानपत्र घाला. दुधाची पिशवी विसळून सुक्यात. डायपर, पॅड कागदात गुंडाळून वेगळे. पहिले दोन आठवडे सकाळी कमिटीतलं कोणीतरी सफाई कामगारासोबत दारोदार जावं, आणि मिसळलेला डबा दिसला तर तिथेच, हळू आवाजात दाखवावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅट नंबर टाकू नका. अपमान झालेला माणूस हट्टाला पेटतो.

तरीही दोन-चार घरं राहतातच. तिथे मात्र कच खाऊ नका. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातलं वर्गीकरण बंधनकारक केलं, हे लेखी कळवा. दंड लावायचा तर सोसायटीचे उपविधी (बाय-लॉज) तपासून, सर्वसाधारण सभेत ठराव करून, आणि सदस्याचं म्हणणं ऐकूनच. पाणी तोडण्याची धमकी तर नकोच, प्रकरण अंगाशी येतं. नियम चेअरमनच्या घरालाही तोच. तिथे सूट दिसली की दंड कोणीच भरत नाही.