डिग्री नसताना प्रोग्रामिंगची नोकरी: कुठे अडतं आणि वाट कशी काढायची

कोड लिहायला डिग्री लागत नाही, पण काही दारं डिग्री दाखवल्याशिवाय उघडत नाहीत. ती दारं आपल्या वाटेत येतात का, हे आधी बघा आणि मगच वर्ष-दोन वर्षांचा बेत आखा.

सगळ्यात मोठी अडचण फ्रेशर, म्हणजे अनुभव नसलेल्यांच्या भरतीत येते. हजारोंनी मुलं घेणाऱ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांची नेहमीची अट म्हणजे दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे ६० टक्के आणि एकही बॅकलॉग शिल्लक नको. ही चाळणी अर्जाच्या फॉर्ममध्येच लागते, तुमचा कोड कुणी उघडूनही बघत नाही. सरकारी प्रोग्रामर पदांनाही बहुतेक ठिकाणी पदवी हवीच. परदेशाचं गणित देशागणिक बदलतं. अमेरिकेत कामासाठीच्या एच-१बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो आणि तिथे शिक्षणाच्या एका वर्षाऐवजी कामाची तीन वर्षं धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीची भरपाई करायला १२ वर्षं. जर्मनीने मात्र नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवीशिवाय ब्लू कार्ड (तिथे राहून काम करायचा परवाना) खुलं केलं आहे. मागच्या ७ वर्षांत किमान ३ वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेवरचा पगार, या त्याच्या मुख्य अटी.

लहान प्रॉडक्ट कंपन्या (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या), स्टार्टअप, वेबसाइट आणि ॲप बनवून देणाऱ्या एजन्सी इथे डिग्रीची अट बरीच सैल असते, कारण उमेदवाराशी तिथला इंजिनिअर स्वतः बोलतो. बारावीनंतर थेट शिकवून कामावर घेणारे मार्गही आहेत: झोहो या सॉफ्टवेअर कंपनीची स्वतःची शाळा, एचसीएल या आयटी कंपनीचा टेकबी कार्यक्रम. फी, बाँड आणि गणिताची अट त्यांच्या साइटवर वाचूनच अर्ज करा.

कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल आणि घरची परिस्थिती अगदीच आड येत नसेल, तर शिक्षण सोडू नका. उरलेलं वर्ष काढणं पुढे चाळण्या चुकवत बसण्यापेक्षा सोपं आहे.

दाखवायचं काय?

एक भाषा (पायथन, जावा किंवा जावास्क्रिप्ट), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन), लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रोजच्या कमांड आणि ब्राउझर-सर्व्हर एकमेकांशी कसं बोलतात ते, एवढं पक्कं करा. रोज तीन तास देता येत असतील तर वर्षभर धरून चला. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला लाखभर रुपये मोजू नका.

मग प्रोजेक्ट. व्हिडिओ बघून उतरवलेली दहा ॲप कुणालाही नको असतात. खरा माणूस वापरेल असं एकच करा, उदाहरणार्थ ओळखीच्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंट. वरवर सोपं दिसतं, पण कस इथेच लागतो. दोन पेशंटनी एकाच क्षणी सकाळी ११ ची वेळ निवडली तर? ‘आधी रिकामी आहे का बघ, मग नोंद कर’ असा कोड असेल, तर दोघांनाही वेळ रिकामी दिसते आणि दोन्ही नोंदी होतात. यावर उपाय कोडमध्ये नाही, डेटाबेसमध्ये आहे: डॉक्टर आणि वेळ (तारखेसकट) या दोन रकान्यांवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी पुन्हा येऊ न देणारा नियम लावा, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. रद्द झालेली अपॉइंटमेंट त्याच टेबलात ठेवली तर ती वेळ कायमची अडकते, त्याचाही विचार करा. दुसरी अडचण घड्याळाची. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ‘आजची यादी’ उघडली की कालची दिसते.

हे सगळं रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) लिहा: काय बिघडलं, का बिघडलं, कसं सोडवलं. मुलाखतीत पंधरा मिनिटं याच्यावरच बोलता येतं. ॲप खऱ्या लिंकवर चालू ठेवा. पेशंटची खरी माहिती गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) जाऊ देऊ नका. पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त चावी) चुकून कमिट झाली, म्हणजे गिटमध्ये नोंदली गेली, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, ती गिटच्या इतिहासात राहतेच. ती की किंवा पासवर्ड लगेच रद्द करून नवा घ्या.

गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांवर काम करायच्या कार्यक्रमाला २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट नाही. वय १८ पूर्ण हवं आणि विद्यार्थी नसाल तर ओपन सोर्समध्ये नवखे असायला हवं. एखाद्या प्रकल्पात आधीपासून लहान दुरुस्त्या पाठवत राहिलात, तर निवडीला त्याचा आधार होतो.

अर्ज आणि पडताळणी

नोकरीच्या पोर्टलवर पदवीचा फिल्टर लागला की तुमचं नाव दिसतच नाही. म्हणून लहान कंपन्यांच्या इंजिनिअरिंग प्रमुखांना थेट मेल करा. सहा ओळी पुरेत: काय बनवलं, लिंक, त्यातली एक अवघड गोष्ट, कुठलं काम हवंय. रेझ्युमेवर शिक्षण खरं तेच लिहा, फक्त प्रोजेक्टच्या खाली.

पैसे घेऊन खोटं अनुभवपत्र देणारे भेटतील. त्यांच्या नादी अजिबात लागू नका. कंपन्या पडताळणीत पीएफच्या यूएएनवरची (प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कायम पीएफ क्रमांकावरची) नोकऱ्यांची नोंद बघतात आणि ज्या नोकरीचा पीएफ कधी भरलाच नाही ती तिथे दिसत नाही. असं प्रकरण रुजू झाल्यावरही उघड होतं आणि नोकरी जाते.

कामासोबत पदवी

पहिली नोकरी लागली की बाहेरून पदवीला नाव घाला. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीसीए (कॉम्प्युटरची पदवी) किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांत पुरं करता येतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही पर्याय आहे. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएस पदवीला जेईई लागत नाही, त्यांची पात्रता फेरी पार करावी लागते. मधल्या टप्प्यावर थांबलात तरी डिप्लोमा हाती राहतो. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, तेव्हा त्या आठवड्यांची रजा आधीच मागून ठेवा. आयआयटी सोडून कुठलंही विद्यापीठ निवडलंत तरी त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते फी भरण्याआधी यूजीसीच्या यादीत तपासा.