थकलेला पगार आणि पाटीवरचं नाव

लंडनमधल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये माझा सात आठवड्यांचा पगार बुडाला. नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टात, म्हणजे एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, मी जिंकलो, पैसे मात्र आले नाहीत. मालक म्हणून मी फॉर्मवर दुकानाच्या पाटीवरचं नाव घातलं होतं. वसुलीला गेलेला माणूस हात हलवत परत आला. त्या नावाची कंपनीच नव्हती.

म्हणून आधी नाव. पेस्लिप, पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा कराचा कागद), पी६० (कराचं वर्ष संपल्यावर मिळणारा), करारपत्र, बँकेत पगार कोणाच्या नावाने जमा व्हायचा ते, सगळं समोर मांडा. मग कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कंपनीज हाउसच्या साइटवर फुकट शोधा. ‘लिमिटेड’सकट नाव, नोंदणीचा पत्ता, आणि कंपनी जिवंत आहे की गाशा गुंडाळतेय तेही. गुंडाळत असेल तर तिथेच लगेच हरकत नोंदवा. कंपनी नसेलच तर मालकाचं स्वतःचं नाव, पुढे ‘ट्रेडिंग अ‍ॅज’ (म्हणजे ‘या नावाने धंदा करणारा’) आणि मग पाटी. नुसती पाटी नको.

पेस्लिप देतच नसतील तर रोटाचे, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाचे, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज. ग्रुपमधून काढून टाकायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. बँक स्टेटमेंट सांगायला नको.

दाव्याची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी, आणि ती पगार मिळायला हवा होता त्या दिवसापासून. ३१ मार्चचा पगार असेल तर ३० जून. ती सहा महिने करायचा कायदा झालाय, पण लागू झालाय का हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ म्हणाले म्हणून मुदत वाढत नाही. मालकाला लेखी तक्रार जरूर द्या, उत्तराची वाट बघत बसू नका.

मुदतीच्या आत, नोकरीतले वाद मिटवणाऱ्या एकास या संस्थेकडे समेटासाठी नोंद करायचीच, त्याशिवाय ट्रायब्युनल दावा घेत नाही. पैसे लागत नाहीत. ट्रायब्युनलची फीसुद्धा २०१७ साली सुप्रीम कोर्टाने रद्द केली. तुम्ही एकासला सांगाल तेच नाव त्यांच्या सर्टिफिकेटवर येतं, आणि ईटी१ या ट्रायब्युनलच्या दाव्याच्या फॉर्मवरही तेच लागतं. तिथे चुकलात की शेवटपर्यंत चूक. मी फोनवर घाईघाईत पाटी वाचल्यासारखं सांगून मोकळा झालो होतो. तुम्ही कंपनीज हाउसचं पान समोर उघडं ठेवून एकेक अक्षर सांगा.

हिशेब टॅक्स कापायच्या आधीच्या रकमेचा करा: तास, दर, राहिलेला हॉलिडे पे. साधारण दोन वर्षांपलीकडचं मिळत नाही. मालकाला उत्तराला २८ दिवस. सुनावणीच्या कागदांवर पानांचे आकडे घाला. निकालानंतरही दिले नाहीत तर काउंटी कोर्ट किंवा हायकोर्टाचे वसुली अधिकारी. कंपनी दिवाळखोरीत गेली तर सरकारची रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिस, तिथे रकमेला मर्यादा आहे.

आणि फॉर्म पाठवायच्या आधी नाव परत वाचा. ‘लिमिटेड’सकट.