भयपटाविषयीची टोकाची मते कशी वाचावीत

रामसे बंधूंच्या १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’ या हिंदी भयपटाचा विषय काढला, की कुणी लहानपणी झोप उडाल्याचे सांगतो, तर कुणी हसून लोटपोट होतो, अशा वेळी मतांची बेरीज-वजाबाकी न करता, बोलणारा नेमक्या कशाविषयी बोलतो आहे, हे आधी पाहावे.

सामरी या सैतानाचे शिर धडावेगळे करून पेटीत बंद केले जाते आणि त्याच्या शापामुळे राजघराण्यातील स्त्रिया बाळंतपणात दगावतात. पुढच्या पिढ्यांवर उगवलेला हा सूड ज्याला भिडला, त्याचे मत कथेविषयीचे असते. याउलट, रंगभूषा आणि रंगीत प्रकाशझोत यांना नावे ठेवणारा तुटपुंज्या खर्चाविषयी बोलत असतो. ती तक्रार खरी असली, तरी तेवढ्यावरून चित्रपट बाद करू नये. सामरी झालेल्या अनिरुद्ध अग्रवाल यांची उंचीपुरी आकृती अंधारातून पुढे सरकते, तेव्हा रंगभूषेकडे लक्षच जात नाही, असे माझे मत आहे.

जगदीप यांच्या विनोदी उपकथानकाविषयीची नाराजी मात्र गांभीर्याने घ्यावी, कारण तेथे भीतीचा ताण खरोखरच सैल पडतो. (घरी पाहताना तो भाग पुढे सरकवता येतो, हे वेगळे.)

शेवटी, मत देणाऱ्याने चित्रपट कोठे पाहिला, हेही विचारावे. भरलेल्या चित्रपटगृहातील किंकाळी आणि दुपारच्या उजेडात मोबाइलवर आलेली जांभई एका तराजूत तोलता येत नाहीत.