झोरोचा मुखवटा पहिल्याच आठवड्यात हवा

मुखवटा घालून अन्यायाशी लढणाऱ्या तलवारबाजाचं, झोरोचं नाटक करायचं ठरलं की सगळे आधी टोपी आणि काळ्या कपड्यांच्या मागे लागतात, पण पहिलं काम प्रयोगाच्या हक्कांचं. 2008 मध्ये लंडनच्या गॅरिक थिएटरला जे म्युझिकल आलं, जिप्सी किंग्ज या बँडच्या गाण्यांचं, तेच करणार असाल तर हक्क लेखी हातात पडल्याशिवाय पोस्टर सोडू नका. मग संहिता सगळ्यांनी एकत्र बसून वाचा, कारण डोक्यात सिनेमातला झोरो असतो आणि इथे गोष्ट वेगळी आहे. दिएगो, म्हणजे पुढे झोरो होणारा आपला हिरो, बार्सिलोनात जिप्सींमध्ये रमलाय, लुइसा त्याला शोधत येते आणि सांगते की तिकडे कॅलिफोर्नियात रामोनने लोकांचं जगणं मुश्किल केलंय, बालपणी सोबत वाढलेल्या रामोनने, आणि मग दिएगोबरोबर इनेझ आणि बाकीचे जिप्सीही निघतात. इनेझ कोण करणार हे घाईत ठरवू नका प्लीज. लेस्ली मार्गारिटाला याच भूमिकेसाठी 2009 चं ऑलिव्हिए अवॉर्ड, म्हणजे लंडनच्या नाटकांचा मोठा पुरस्कार, मिळालंय, अर्धं नाटक ही बाई उचलते.

आता मुखवटा. मी इथे इंग्लंडात हौशी मंडळांबरोबर बॅकस्टेज करते आणि एका प्रयोगाच्या वेळी मुखवटा थेट रंगीत तालमीला आला. तोपर्यंत आमचा हिरो महिनाभर उघड्या डोळ्यांनी लढत होता, अगदी सुंदर लढायचा, आणि त्या दिवशी दोन पावलं मागे सरकला आणि प्लॅटफॉर्मची कड त्याला दिसलीच नाही. घोटा सुजला, पहिले दोन प्रयोग दुसऱ्या मुलाने केले. मुखवट्याने समोरचं फारसं अडत नाही, खालचं अडतं, आणि पाय नेमके खालीच असतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच, कच्चा का होईना, मुखवटा बांधून तालीम सुरू करा. हिरोला कोणासमोर तरी उभं करा, मान सरळ, फक्त नजर खाली, आणि समोरच्याच्या कमरेपाशी असलेला हात दिसेपर्यंत डोळ्याखालची कड छोट्या कात्रीने थोडी थोडी कापत जा. भोक मोठं झालं तर घाबरू नका, डोळ्याभोवती काळा मेकअप लावला की तिसऱ्या रांगेतूनसुद्धा कळत नाही. आतून सुती अस्तर लावा, घाम टिपला जातो. एक जादा मुखवटा विंगेत टांगलेला असू दे, आणि स्टेजच्या कडेला, पायऱ्यांना अंधारात चमकणारी टेप लावाच.

तलवारींसाठी फाइट डायरेक्टर, म्हणजे स्टेजवरची मारामारी बसवणारा माणूस, आणा, पैसे दुसरीकडे वाचवा. तलवारी भाड्याने आणताना त्या नाटकासाठीच बनवलेल्या आहेत ना, धार नाही ना, टोक गोल आहे ना हे स्वतः हात लावून बघा. स्टीलवर स्टील आपटलं की पात्यावर बारीक दाते पडतात, त्यांनी हात कापतो, म्हणून रोज तालमीनंतर कापूस फिरवायचा, कापूस अडकला की तिथे कानस. मूठ हलवून बघायची, खडखड आली तर ती तलवार बाजूला. लढताना वार अंगावर नाही, अंगाच्या बाहेर जातो, आणि प्रत्येक वाराआधी दोघांची नजर भिडली पाहिजे, नाही भिडली तर थांबायचं. थांबायला लाज वाटता कामा नये हे पोरांना पहिल्या दिवशीच सांगा. आणि तलवारी गाडीतून नेताना बंद पेटीत न्या, ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी पातं बाळगायला सबळ कारण लागतं, तेव्हा तालमीचं वेळापत्रक सोबत ठेवलेलं बरं.

झोरो तलवारीने आपली खूण म्हणून शर्टावर झेड काढतो, ती जागा आधीच कापून वेल्क्रोने चिकटवलेली असते, तलवारीने खरं काही कापायचं नाही. केपच्या खालच्या घडीत थोडं वजन शिवलं की ती छान फिरते, पण गळ्याशी गाठ नको, ओढल्यावर चटकन सुटेल असं बटण हवं. दोरीवर झोका घेणार असाल तर ते काम रिगिंगवाल्याचं, म्हणजे स्टेजवर दोर टांगणाऱ्या जाणकाराचं, उत्साही काकांचं नाही.

नाचाचं म्हणाल तर फ्लॅमेन्कोच्या, म्हणजे पाय आपटून करायच्या स्पॅनिश नाचाच्या, बुटांना टाचेत आणि पुढे बारीक खिळे ठोकलेले असतात, नाट्यगृहवाल्यांना हे आधी सांगा, नाहीतर त्यांच्या स्टेजवरच्या व्हिनाइलची चाळण होते. लाकडी फळ्या टाका, काँक्रीटवर गुडघे जातात. जिप्सी किंग्जचा रुंबा चार मात्रांचा, तो लवकर बसतो. बारा मात्रांचा सोलेआ, हा फ्लॅमेन्कोचाच एक प्रकार, घेतलात तर जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतो, मी लहानपणी कथक शिकलेली त्यामुळे मला वाटलं बारा म्हणजे एकताल, सोपं आहे, पण वजन पूर्ण वेगळं पडतं. आधी नुसत्या टाळ्यांनी दोन आठवडे घ्या, पाय नंतर.

टोपीखाली कपाळावर माइक लावला की काठाखाली आवाज कोंदतो, साउंडवाल्याला टोपीसकट तपासायला लावा, आणि घामाने बंद पडला तर दुसरा तयार पाहिजे.

प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडायच्या आधी प्रत्येक मारामारी आधी हळू, मग स्टेजच्या वेगाने करून घ्यायची, रोज, पन्नासावा प्रयोग असला तरी, आणि मुखवटा घालूनच. ज्याला ताप असेल, झोप झाली नसेल त्याने तेव्हाच सांगायचं. मग तलवारी मोजून आपापल्या जागी. संपल्यावर परत मोजायच्या, फडक्याने घाम पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, पेटीला कुलूप, आणि किल्ली एकाच माणसाकडे.