संगणकाचा पैरा: फुकटचं गणित घेताना या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात दोन प्रकारची गर्दी होते. पंख्यात धूळ अडकून लॅपटॉप तापलेले लोक, आणि प्रोजेक्ट जमा करायची तारीख डोक्यावर आलेली विद्यापीठातली पोरं. गेल्या काही वर्षांत ही दोन्ही दुखणी एकाच माणसाला व्हायला लागली आहेत. परवा एक बायोटेकची मुलगी शटर उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली. म्हणाली, "दादा, रात्रभर चालवलं आणि पहाटे आपोआप बंद पडला की. सगळं गेलं."

मी शास्त्रज्ञ नव्हे, दुरुस्तीवाला. पण बिघडलेलं सगळं माझ्याकडेच येतं आणि बिघाड शोधता शोधता विषय थोडा थोडा कळत जातो. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की समजली आहे. शास्त्रातलं मोठमोठं गणित, म्हणजे संगणकाची आकडेमोड, आता फुकट आणि वाटून मिळतं, तपासणी मात्र कुणी वाटून घेत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका तिथल्याच आहेत.

आपल्याकडे शेतात पैरा करतात. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. संगणकाचं तसंच आहे. १९९९ च्या मे महिन्यात 'सेटी ॲट होम' सुरू झालं. रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांचे तुकडे लोकांच्या घरच्या संगणकांवर पाठवायचे आणि परग्रहावरून कुणी हाक मारतंय का ते शोधायचं. हाक काही सापडली नाही, २०२० च्या मार्चअखेर त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं. पण पद्धत रुजली. २००० मध्ये आलेलं 'फोल्डिंग ॲट होम' प्रथिनांच्या घड्या कशा पडतात ते मोजतं. घडी पडायला काही मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद लागतात, आणि संगणकाला ती हालचाल साधारण दोन फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) पावलांनी चालावी लागते. म्हणजे एका मिलिसेकंदाला ५०० अब्ज पावलं. एका मशीनला हे झेपत नाही. म्हणून छोट्या छोट्या हजारो चाली वेगवेगळ्या घरांत चालवतात आणि नंतर जोडतात. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, मार्च २०२० मध्ये, एवढे लोक यात उतरले की सगळ्यांची मिळून ताकद एका एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली. सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढी आकडेमोड! त्या वेळी जगातला कुठलाच एकटा सुपरकॉम्प्युटर तिथे पोचला नव्हता.

आता चुका.

लॅपटॉप गादीवर ठेवून रात्रभर गणित

पायरीवरच्या मुलीचा बिघाड हाच होता. खाली गादी, वर चादर, हवा जायची वाट बंद. प्रोसेसर एका मर्यादेपर्यंत तापतो, मग स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. तो बिघाड नव्हे, जीव वाचवायची धडपड आहे. असं वाटून आलेलं काम घरच्या संगणकावर चालवणाऱ्या 'बॉइंक'सारख्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे किती कोअर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे त्याचे भाग) वापरायचे, किती टक्के वेळ वापरायचे, बॅटरीवर असताना चालवायचं की नाही, रात्री किती ते किती, हे सगळं ठरवता येतं. लोक ते पानच उघडत नाहीत. अर्धे कोअर द्या, लॅपटॉप टेबलावर ठेवा, वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

विजेचं गणितही आधी करा. डेस्कटॉप जास्तीची १५० वॉट वीज खात असेल तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो. वडिलांनी बिल बघितल्यावर विज्ञानसेवेचं काय होतं ते मी दोन घरांत बघितलंय.

'सगळं गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं?

लाइट जाणार, हे धरूनच चाला. बॉइंकमधली बहुतेक कामं मध्ये मध्ये खूण करून ठेवतात, लाइट आल्यावर शेवटच्या खुणेपासून पुढे चालतात. त्यामुळे घाबरून काम रद्द करू नका. पोरं तेच करतात. दहा तासांचं काम पाच मिनिटांच्या खंडापायी फेकून देतात.

गुगल कोलॅबचं मात्र उलटं. तिथे इंटरनेटवरून गुगलचं मशीन उसनं वापरायचं असतं. फुकटच्या खात्यात एक बैठक जास्तीत जास्त बारा तासांची, आणि नुसती उघडी ठेवून जेवायला गेलात तर त्याआधीही तुटते. तुटली की त्या मशीनवरच्या फाइली पुसल्या जातात. आपला प्रोग्रॅम जागेवर दिसतो, म्हणून वाटतं निकालही असेल. नसतो. निकाल ड्राइव्हवर लिहा, आणि शेवटी एकदाच नव्हे, दर काही फेऱ्यांनी. त्याच फाइलीत कुठल्या लायब्ररीची (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार प्रोग्रॅमच्या संचाची) कुठली आवृत्ती वापरली तेही लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच प्रोग्रॅम वेगळं उत्तर देतो किंवा चालतच नाही, तेव्हा दोष बहुधा आवृत्तीचा असतो, तुमच्या विज्ञानाचा नसतो.

दुसऱ्याच्या मशीनवर न विचारता

एका कॉलेजातल्या पोराने लॅबच्या चाळीस संगणकांवर बॉइंकसारखा प्रोग्रॅम बसवला होता. हेतू चांगला होता, पण सोमवारी सकाळी सगळी लॅब कासव. मला बोलावलं ते व्हायरस काढायला! अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका तंत्र महाविद्यालयात याच कारणावरून तिथल्या कर्मचाऱ्यावर खटला भरला होता, २००२ च्या सुरुवातीला तडजोडीने मिटला. लेखी परवानगी घ्या. विषय संपला.

एक्सेलवर आंधळा विश्वास

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि कुणाला ते दिसत नाही.

माणसाच्या जनुकांमध्ये 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशी नावं होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल म्हणणार, अरे ही तर तारीख! आणि १ मार्च, २ सप्टेंबर करून ठेवणार. २०१६ मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या निबंधांसोबतच्या एक्सेल याद्या तपासल्या, तर साधारण पाचातल्या एका निबंधात जनुकांच्या नावांची अशी वाट लागलेली होती. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, 'मार्चएफ१' आणि 'सेप्टिन२' अशी. सासूपुढे सुनेने नाव बदलावं तसं झालं हे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जवळपास १६,००० कोरोना रुग्णांची नोंद काही दिवस आकडेवारीतून गळाली. जुन्या धाटणीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी चुपचाप कापल्या गेल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत कळवता आलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक, चौदा अंकी असतो. तो साध्या रकान्यात टाकला की एक्सेल त्याचा ९.१ आणि दहाचा तेरावा घात असं काहीतरी दाखवतं. इथवर आकडा आत शाबूत असतो. पण अशी फाइल सीएसव्ही (स्वल्पविराम घालून लिहिलेली साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं, आणि मागचे अंक कायमचे जातात. आरोग्य शिबिराची आठशे जणांची अशी यादी माझ्याकडे 'दुरुस्त' करायला आली होती. दुरुस्त काय करणार? मूळ कागद सापडले म्हणून बरं, नाहीतर पुन्हा घरोघर फिरायची पाळी होती.

उपाय सोपे आहेत. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग टाइप करा. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही. सीएसव्ही फाइलीवर डबल क्लिक करण्याऐवजी डेटा मेनूतून आत घ्या. नव्या एक्सेलमध्ये आपोआप बदल करायची सवय बंद करायचीही सोय आहे. तारीख २०२५-०६-०५ अशी लिहा, म्हणजे पाच जून की सहा मे हा वाद राहत नाही. आणि फाइल पाठवताना ओळी मोजा. गेल्या किती, पोचल्या किती. उसाचा ट्रॅक्टर कारखान्यात वजन केल्याशिवाय आत घेतात का?

रंग न बघता अल्फाफोल्ड वापरणं

प्रथिनाचा आकार प्रयोगाने शोधायला पूर्वी वर्षं लागत. अल्फाफोल्ड हा आकाराचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्रॅम. २०२१ च्या जुलैमध्ये त्याचा डेटाबेस खुला झाला, वर्षभरात त्यात २० कोटींवर अंदाज आले. २०२४ चं रसायनाचं नोबेल निम्मं डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्याबद्दलच मिळालं, उरलेलं निम्मं डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिनं रचण्याबद्दल. घरच्या संगणकांवर चालणारं 'रोझेटा ॲट होम' बेकर यांच्याच गटाचं.

पण तो अंदाज आहे, आणि किती भरवशाचा ते अल्फाफोल्ड स्वतःच रंगाने सांगतं. गडद निळा म्हणजे भरवसा १०० पैकी ९० च्या वर, फिकट निळा ७० ते ९०, पिवळा ५० ते ७०, नारिंगी ५० च्या खाली. एका पोराने औषधाचा रेणू बरोबर नारिंगी शेपटीत बसवला होता आणि छान जुळला म्हणून खूश होता. तिथे प्रथिनाला बहुधा ठाम आकारच नसतो, ती सुटी शेपटी असते. तिच्यात काहीही जुळेल. शिवाय डेटाबेसमधल्या त्या मॉडेलमध्ये पाणी, धातूचे आयन, दुसरा रेणू यांतलं काही नसतं. एक अमिनो आम्ल बदललं तर काय बिघडेल, हेही ते भरवशाने सांगत नाही. म्हणून आधी प्रोटीन डेटा बँकेत बघा. १९७१ पासून प्रयोगातून मिळालेले आकार तिथे जमा होतात. तुमचं प्रथिन तिथे असेल तर अंदाजाच्या मागे धावायचंच कशाला?

यंत्राच्या आधी माणसांनीही हे काम केलंय, तेही खेळत. 'फोल्डइट' नावाच्या खेळात, २०११ मध्ये, खेळाडूंनी माकडांमधल्या एड्ससारख्या रोगाशी संबंधित विषाणूच्या एका एन्झाइमचा आकार तीन आठवड्यांच्या आत सोडवला. शास्त्रज्ञ दहा वर्षांहून जास्त काळ त्यावर अडले होते. तरी खेळाडूंचं मॉडेल तसंच छापलं नाही, क्ष-किरणांच्या मोजमापाशी ताडून बघितलं. आपल्या देशातही सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये खुल्या पद्धतीने औषधशोध सुरू केला, आणि त्यात कॉलेजची मुलं क्षयाच्या जंतूच्या साधारण ४,००० जनुकांची माहिती वाटून घेऊन तपासत होती.

रिपोर्ट, एकक आणि नाव

आता वैद्यकाचं. चंदगडहून शंभरेक किलोमीटर येऊन कोल्हापुरात डॉक्टर गाठायचा, त्यापेक्षा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन डॉक्टर-सेवेवर बोलणं सोपं, यात वाद नाही. २०२० च्या एप्रिलपासून रुग्णांना घरबसल्या ते करता येतं. चूक होते ती रिपोर्टच्या फोटोत. लोक फक्त आकड्याचा फोटो काढतात, शेजारचं एकक कापून. साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ७ मिलिमोल प्रति लिटर ही एकच साखर आहे. मूत्रपिंडाच्या ऑनलाइन गणकात क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला एक आकडा) १ टाकायचं आणि एकक मायक्रोमोलचं राहिलेलं असलं, तर उत्तर धादांत खोटं येतं. मिलिग्रॅममधला १ म्हणजे तिथले ८८ होतात. पूर्ण पान, उजेडात, तारखेसकट.

दुसरी चूक जास्त गंभीर. सीटी स्कॅनची फाइल कुठल्यातरी वेबसाइटवर चढवून 'एआयला विचारतो' म्हणणारे वाढलेत. फाइलीचं नाव बदलून 'पेशंट१' केलं म्हणजे ओळख लपत नाही. स्कॅनची फाइल डायकॉम प्रकारची असते, तिच्या पोटात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक असं सगळं लिहिलेलं असतं. सोनोग्राफीत तर चित्राच्या कोपऱ्यातच नाव छापलेलं असतं. आतली माहिती पुसणारे फुकट प्रोग्रॅम आहेत, ते वापरा, कोपरा काळा करा आणि मगच द्या. ड्राइव्हवर ठेवली असेल तर 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय बंद आहे का बघा. शिबिराची ती आठशे जणांची यादी मला अशाच उघड्या लिंकवर मिळाली होती, आणि लिंक एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून आली होती.

खूप काम मागून घेणं

हे छोटं आहे. उत्साहाच्या भरात लोक आठवड्याचं काम साठवून ठेवतात. प्रत्येक तुकड्याला मुदत असते. ती चुकली की तोच तुकडा दुसऱ्याकडे जातो आणि तुमची वीज वाया. शिवाय बरेच प्रकल्प एकच तुकडा दोन घरी देऊन उत्तरं ताडतात. तुमचं उत्तर वारंवार 'अमान्य' येत असेल तर सर्व्हरला शिव्या घालू नका. ओव्हरक्लॉक केलेलं (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) असेल तर काढा, रॅम तपासा. गेम खेळताना न दिसणारी चूक इथे पकडली जाते. माझ्याकडे आलेले दोन खराब रॅम असेच सापडले, एरवी ते वर्षभर कळले नसते.

त्या मुलीचा पंखा साफ केला, पेस्ट बदलली. काम उघडून बघितलं तर शेवटची खूण पहाटे तीन चाळीसची होती, म्हणजे गेलं होतं ते जेमतेम काही मिनिटांचं. "मग हे काढून टाकू का, दादा?" तिने विचारलं. म्हटलं, नको. अर्धे कोअर दे, आणि गादीवरनं टेबलावर घे.