फझ आणि डिस्टॉर्शन एकत्र लावताना या चुका टाळा

फझ आणि डिस्टॉर्शन ही इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारी पायाने दाबायची पेडलं. फझ एकटं लावलं तर मस्त वाजतं, डिस्टॉर्शनही एकटं झकास वाजतं, पण दोन्ही एकदम दाबली की आवाजाचा लगदा होतो. नवं पेडलबोर्ड जमवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. लगेच पेडल विकायला काढू नका. बहुतेक वेळा दोष पेडलांचा नसून क्रम, गेन (पेडल सिग्नल किती वाढवतं ते) किंवा वीजपुरवठ्याचा असतो.

सगळ्यात जास्त नडते ती क्रमाची चूक. माझं फझ जुन्या फझ फेस या पेडलच्या धर्तीचं आहे. एकदा बोर्डवर ट्यूनर आणून सगळ्यात पुढे लावला आणि त्याच संध्याकाळी फझचा जाड, लोकरीसारखा आवाज गेला. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तशी किरकिर ऐकू यायला लागली. एरवी गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की हे फझ निवळून घंटेसारखं वाजायचं. आता व्हॉल्यूम उतरवला तरी किरकिर तशीच राहत होती. बॅटरी बदलली, केबली बदलल्या, काही फरक नाही. शेवटी ट्यूनर बाजूला काढून गिटारची केबल थेट फझमध्ये लावली आणि पहिल्याच कॉर्डला जुना आवाज परत आला.

असं का होतं? १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने आणलेल्या फझ फेसमध्ये जेमतेम दोन ट्रान्झिस्टर असतात. त्याचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विजेचा अडथळा) साधारण दहा हजार ओहमच्या आसपास, तर आजच्या बऱ्याच पेडलांचा दहा लाखांच्या घरात असतो. त्यामुळे गिटारच्या पिकअपची कॉइल आणि व्हॉल्यूमचा नॉब हे जणू फझच्या सर्किटचेच भाग होऊन बसतात. मध्ये बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट, आला की (माझ्या ट्यूनरमध्ये तो होता) हे नातं तुटतं. बॉस कंपनीची बहुतेक पेडलं बंद असली तरी त्यांचा बफर चालूच असतो, म्हणून पेडल बंद आहे म्हणजे ते मध्ये नाही, असं समजू नका. वायरलेस रिसीव्हरनेही हेच होतं. अशा जातीचं फझ गिटारला लागूनच हवं, डिस्टॉर्शन त्याच्यानंतर. बिग मफ हे दुसरं प्रसिद्ध फझ मात्र इतकं नाजूक नाही, ते डिस्टॉर्शनच्या नंतर ठेवलं तरी चालतं.

दुसरी चूक म्हणजे दोन्हींचा गेन पूर्ण चढवणं. फझने ध्वनिलहरीचे माथे आधीच सपाट कापलेले असतात. पुढच्या पेडलला कापायला फारसं काही उरत नाही, ते फक्त खरखर आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण वर उचलतं. तारांवर तळहात ठेवून दोन्ही पेडलं चालू करा. तारा गप्प असतानाही अ‍ॅम्प धबधब्यासारखा वाजत असेल तर गेन जास्त आहे. फझ आवडेल तिथे ठेवा, डिस्टॉर्शनचा गेन घड्याळातल्या ९ वर आणा आणि लेव्हल १२ च्या थोडी पुढे न्या. शेवटच्या पेडलचा रंग आवाजावर चढतो, म्हणून ज्याचा पोत मुख्य हवा ते शेवटी. मला स्वतःला फझ आधी आणि डिस्टॉर्शन नंतर हाच क्रम आवडतो, नोटेला कणा मिळतो.

आता कॉर्डबद्दल, कारण याचा दोष पेडलांवर फार ढकलला जातो. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. ११० हर्ट्झचा सा आणि १६५ चा प एकत्र चिरडले की त्यांच्या फरकाचा, म्हणजे ५५ चा, सूरही उमटतो. तो खालच्या सप्तकातला सा असल्यामुळे कॉर्ड भव्य वाटते. त्यात गंधार घातला की बिनसतं. हार्मोनियमसारखाच गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो, १३७.५ ऐवजी १३८.६. मग सा-ग मधला फरक २८.६ आणि ग-प मधला २६.४ असे दोन सूर तळाशी एकमेकांना घासत राहतात. पूर्ण मेजर कॉर्ड हवीच असेल तर फझ बंद करा.

घरी दणदणीत वाटणारा आवाज बँडमध्ये गायब होतो, ही बिग मफवाल्यांची नेहमीची अडचण. त्याच्या टोन सर्किटमध्ये १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा आहे आणि गिटार ऐकू येते ती नेमकी त्याच पट्ट्यात. मफच्या नंतर ट्यूब स्क्रीमरसारखं मिड (मधल्या पट्ट्यातले सूर) उचलणारं पेडल लावा, ड्राइव्ह (म्हणजे गेन) जवळजवळ शून्य, लेव्हल वर. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोरही मफच्या नंतर ट्यूब ड्रायव्हर हे पेडल जोडत असत.

वीजपुरवठ्याचं थोडक्यात. पीएनपी प्रकारच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझमध्ये बऱ्याचदा पॉझिटिव्ह ग्राउंड असतो, म्हणजे बाकी पेडलांच्या उलट त्याचं धन टोक ग्राउंडला जोडलेलं असतं. असं पेडल बाकीच्यांसोबत एकाच अडॅप्टरच्या माळेवर लावलं तर शॉर्ट होतं. त्याला ९ व्होल्टची बॅटरी द्या, वीज अगदी थोडी लागते. वाजवून झालं की इनपुटची केबल काढा, नाहीतर बॅटरी रात्रभर उतरत राहते.

जर्मेनियमला उष्णताही सोसत नाही. तापलं की ट्रान्झिस्टरची गळती वाढते आणि आवाज चोंदल्यासारखा होऊन नोट मध्येच तुटते. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला कार्यक्रम असेल आणि बोर्ड उन्हात उभ्या गाडीत राहिला असेल, तर आधी अर्धा-पाऊण तास पंख्याखाली ठेवा, मगच साउंडचेकला बसा.